कर्ज फेडायचंच ठरवलं तेव्हा: तुमचे अनुभव लिहा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या मंडळींनो, कर्जातून बाहेर पडायचं कसं ठरवलंत आणि ते निभावलंत कसं, ते सांगा. आकडे सांगितलेच पाहिजेत असं नाही, पण शब्द कुणाला दिला होता ते नक्की लिहा. मनातल्या मनात ठरवलेलं टिकत नाही, असं माझं ठाम मत आहे. मी आईला शब्द दिला होता. हप्त्याच्या तारखेला ती सकाळीच विचारायची, "भरलास काय रे?"

वडगाव, यंत्रमाग
साडीला उठाव नसला की माग बंद, पण मायक्रोफायनान्सच्या (बायकांच्या गटाला छोटं कर्ज देणाऱ्या कंपनीच्या) गटाचा हप्ता काही थांबत नाही. एका गटाचा हप्ता भरायला दुसऱ्या गटातून उचल, मग तिसऱ्या. शेवटी आम्ही दोघी जावांनी कर्जाची सगळी कार्डं जमिनीवर पसरली आणि सासूबाईंसमोर ठरवलं, आता नवीन सही नाही. सगळ्यात लहान कर्ज आधी फेडायला घेतलं. सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे २००० रुपये आले की थेट त्यात. मायक्रोफायनान्सचं कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. हे आम्हाला वसुलीवाल्यानं कधीच सांगितलं नव्हतं. तो दारात बसून राहायचा, शेजारीपाजारी बघायचे. २०२५ मध्ये कर्नाटकात अशा जबरदस्तीविरुद्ध कायदा आला, १० वर्षांपर्यंत कैद आहे. बायांनो, घाबरू नका, पण हप्ता चुकवूही नका.

बेळगाव तालुका, रताळी आणि भात
आमच्याकडं खरं कर्ज यात्रेचं. लक्ष्मीची यात्रा बऱ्याच वर्षांनी येते, मग घराला रंग, लेकी-जावयांना कपडे, पाहुण्यांना मटण. सगळं शेकडा तीन व्याजानं काढलेलं. यंदा मी भावकीच्या बैठकीत उभा राहून सांगितलो, देवीची ओटी भरणार, पण व्याजाचा पैसा घरात आणणार नाही. थोरले काका दोन दिवस बोलले नाहीत. पाहुणे आले, रस्सा जरा पातळ होता, उपाशी कोण गेलं नाही. रताळ्याची पट्टी (विक्रीचे पैसे) आली ती गावच्या शेती सोसायटीत भरलो. तिथलं पीककर्ज ५ लाखांपर्यंत बिनव्याजी, पण तारीख पाळली तरच. ती तारीख चुकवून सावकाराकडं जाणारे मी लई बघितलोय, जीव तुटतो.

निपाणी
विड्या वळते. गंठण गहाण होतं. ते सुटेपर्यंत नवी साडी घेणार नाही, असं लेकीला बोलले होते. सुटलं.

अथणी, ऊस
कारखान्याकडून उसाचं बिल १४ दिवसांत मिळावं असा नियम आहे, पण त्या भरवशावर हातउसने घेणं मी बंद केलंय. बायकोला वही दिली आहे, तिच्या परवानगीशिवाय उधारी नाही. वडगावच्या ताई, कर्ज मिटल्यावर बेबाकी दाखला (काही बाकी नसल्याचा कागद) घेतलात ना? नसेल तर लगेच मागा, नाहीतर सिबिलमध्ये, म्हणजे बँका बघतात त्या कर्जाच्या नोंदीत, बाकी दिसत राहते.