वायफाय प्रिंटर माडीवर चालतो, खाली ‘ऑफलाइन’ दाखवतो. जुन्या वाड्यात जोडणी कशी करावी?

माडीवरची_शिकवणी (सातारा)

नमस्कार. आम्ही शनिवार पेठेतल्या जुन्या वाड्यात राहतो. मी घरीच शिष्यवृत्तीची शिकवणी घेते. सरावाच्या प्रश्नपत्रिकांसाठी झेरॉक्सच्या दुकानात सारखी फेरी व्हायची, म्हणून दिवाळीनंतर शाईच्या टाकीचा, स्कॅनर असलेला वायफाय प्रिंटर घेतला.

घराची रचना सांगते, कारण घोळ तिथंच असावा असं वाटतं. फायबरचा राउटर खाली ओसरीवर, मीटरच्या बोर्डाशेजारी. मधल्या भिंती दगडी, दोन फूट तरी जाड. माडीवर रेंज पोचेना, तेव्हा इंटरनेटवाल्या मुलानं खालून वायर ओढून वर दुसरा राउटर बसवून दिला. मुलं बसतात ती खोली माडीवर, प्रिंटरही तिथंच.

लॅपटॉप माडीवर असला की प्रिंट व्यवस्थित निघते. तोच खाली स्वयंपाकघरात आणला की ‘ऑफलाइन’. सकाळी डबे करता करता मी पेपर टाइप करते, त्यामुळे खालूनच प्रिंट देता यायला हवी. शिवाय लाइट जाऊन आली की माडीवरूनही प्रिंटर सापडत नाही, काढून पुन्हा जोडावा लागतो. खालच्या वायफायला जोडायला गेले तर ज्या नावापुढे ५जी लिहिलंय ते नेटवर्क प्रिंटरच्या यादीत येतच नाही.

दुकानदार म्हणतात घेऊन या, बदलून देतो. सासरे म्हणतात यूएसबीची वायर लावा आणि मोकळ्या व्हा. रविवारी मुलांचा सराव पेपर आहे. काय करू?

कोयनाकाठ (कराड)

ताई, रविवारपुरतं निभवायचं असेल तर प्रिंटरमधलं वायफाय डायरेक्ट चालू करा. प्रिंटर स्वतःचंच एक छोटं वायफाय सोडतो, त्याचं नाव आणि पासवर्ड पॅनेलवर किंवा छापील माहितीपानावर मिळतो. लॅपटॉप किंवा फोन थेट त्याला जोडायचा, राउटर मध्ये येत नाही. मात्र तेवढा वेळ लॅपटॉपला नेट मिळणार नाही आणि दगडी भिंतीपलीकडे रेंजही फारशी जाणार नाही. वर जाऊन प्रिंट काढा.

यूएसबीची वायर ५ मीटरच्या पुढे चालेलच असं नाही, माडीवरून स्वयंपाकघरापर्यंत ती पुरायची नाही.

हरभटरोडचा_मिस्त्री (सांगली)

ताई, प्रिंटर परत नेऊ नका. तुम्ही लिहिलेल्या तिन्ही लक्षणांत प्रिंटरचा दोष कुठंच दिसत नाही. नवा आणलात तरी तोही खाली ऑफलाइनच दाखवेल. माझं दुरुस्तीचं काम आहे. वायफाय लागत नाही म्हणून लोक प्रिंटर गाडीवर मांडीवर धरून आणतात. आमच्या टेबलावर तो लगेच चालतो, घरी गेला की पुन्हा तेच. म्हणून मी आलेल्या माणसाला आधी घरात राउटर किती आणि कुठं आहेत ते विचारतो. तुम्ही ते आपणहून सांगितलंत, फार बरं केलंत.

आधी खात्री करून घ्या. प्रिंटरच्या मेनूतून नेटवर्कचं माहितीपान छापा. त्यावर आयपी अ‍ॅड्रेस असतो (घरच्या नेटवर्कमधला प्रिंटरचा पत्ता), समजा १९२.१६८.०.१०४. मग लॅपटॉप खालच्या वायफायवर असताना त्याचा अ‍ॅड्रेस बघा. विंडोजच्या सेटिंगमध्ये चालू वायफायच्या प्रॉपर्टीजवर क्लिक केलंत की खाली आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस दिसतो. पहिले तीन आकडे जुळले तर दोघं एकाच जाळ्यात आहेत. प्रिंटर १९२.१६८.० मध्ये आणि लॅपटॉप १९२.१६८.१ मध्ये निघाला, तर तुमचा माडीवरचा राउटर स्वतःचं वेगळं जाळं चालवतोय. माझा अंदाज तोच आहे.

तुमच्या वाड्याचंच उदाहरण घ्या. आतल्या चौकातला माणूस बाहेरच्या चौकात येऊ शकतो, पण बाहेरच्याला आतल्या दाराशीच अडवतात. वरचा राउटर तेच करतो. म्हणून वरून नेट चालतं, वरच्या वरती प्रिंटही निघते, आणि खालच्या लॅपटॉपला प्रिंटर दिसत नाही.

यावर उपाय असा की वरच्या राउटरला ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ करायचं. म्हणजे तो स्वतःचं वेगळं जाळं न चालवता खालच्याच जाळ्याचं वायफाय वर देईल. बऱ्याच राउटरच्या मेनूत ऑपरेशन मोड म्हणून जागा असते, तिथं अ‍ॅक्सेस पॉइंट निवडा, सेव्ह करा, राउटर बंद होऊन चालू होईल. तसा पर्याय नसेल तर वरच्या राउटरचा स्वतःचा अ‍ॅड्रेस १९२.१६८.१.२ असा करा (खालचा बहुतेक १९२.१६८.१.१ असतो, आणि खालचा राउटर २ हा आकडा आणखी कुणाला देत नाही ना ते बघा), त्यातलं डीएचसीपी (उपकरणांना अ‍ॅड्रेस वाटण्याचं काम) बंद करा, आणि खालून आलेली वायर ‘वॅन’ लिहिलेल्या भोकातून काढून ‘लॅन’च्या भोकात लावा. ही वायर बदलायची बरेच जण विसरतात आणि मग सगळं करूनही काही फरक पडत नाही.

दोन्ही राउटरना वायफायचं नाव आणि पासवर्ड एकच द्या. मग लॅपटॉप वर-खाली नेला तरी पुन्हा जोडायला नको.

आता ५जी न दिसण्याचं. वायफायच्या नावापुढचं ५जी म्हणजे ५ गिगाहर्ट्झ. घरगुती प्रिंटर बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, तुमचाही त्यातलाच दिसतो. ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क त्याला दिसणारच नाही. त्यात काही बिघाड नाही आणि तोटाही नाही. दगडी भिंतीतून २.४ जास्त बरं जातं, आणि छपाईला तेवढा वेग पुरून उरतो. लॅपटॉप ५ वर आणि प्रिंटर २.४ वर असला तरी राउटर एकच असेल तर दोघं एकमेकांना सापडतात. फक्त पाहुण्यांसाठीच्या गेस्ट वायफायवर प्रिंटर ठेवू नका. तिथली उपकरणं मुद्दाम एकमेकांपासून तोडलेली असतात.

२.४ चं चॅनेल ‘ऑटो’वर असेल तर खाली १ आणि वर ११ असं पक्कं करून टाका. आपल्याकडे १३ पर्यंत चॅनेल चालतात, पण काही उपकरणं ११ च्या पुढचं बघतच नाहीत. मग आज दिसलेलं वायफाय उद्या गायब, असं होतं. सुरक्षेला डब्ल्यूपीए२ ठेवा. नुसतं डब्ल्यूपीए३ असेल तर जुन्या पद्धतीचे प्रिंटर जोडत नाहीत.

लाइटचं दुखणं वेगळं आहे. लाइट आली की सगळी उपकरणं राउटरकडे नव्यानं अ‍ॅड्रेस मागतात. काल प्रिंटरला १०४ मिळाला होता, आज १०७ मिळाला, लॅपटॉप मात्र १०४ लाच हाका मारत बसतो. कधी प्रिंटर आधी चालू होतो आणि राउटर मागून, मग प्रिंटर स्वतःच १६९.२५४ नं सुरू होणारा अ‍ॅड्रेस घेऊन बसतो. माहितीपानावर तसा आकडा दिसला तर राउटर पूर्ण चालू झाल्यावर प्रिंटर बंद करून परत चालू करा. कायमचं करायचं तर खालच्या राउटरमध्ये ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ शोधा, माहितीपानावरचा, प्रिंटरची कायमची ओळख असलेला मॅक अ‍ॅड्रेस तिथं टाका आणि प्रिंटरला एक आकडा कायमचा बांधून द्या. मग लाइट कितीदा गेली तरी तो बदलणार नाही.

पुस्ती (मिरज)

वरचं सगळं बरोबर. शिकवणीच्या कामातली एक गोष्ट सांगतो. प्रश्नपत्रिका जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये असेल तर फोनवरून वर्डची फाइल छापू नका, अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं येतात. टाइप केली त्याच लॅपटॉपवर पीडीएफ करा, फॉन्ट फाइलसोबत राहतो, आणि ती कुठूनही छापा.

माडीवरची_शिकवणी (सातारा)

मिस्त्रीदादा, अगदी तुम्ही म्हणालात तसंच निघालं! प्रिंटर ० मध्ये, लॅपटॉप १ मध्ये. वरच्या राउटरला अ‍ॅक्सेस पॉइंटचा पर्याय होता, तो निवडला. खालून प्रिंट दिली आणि वर आवाज आला तेव्हा सासरे स्वतः जिना चढून बघून आले. अ‍ॅड्रेसही बांधून दिला.

अजून दोन शंका. लॅपटॉपमध्ये आता एकाच प्रिंटरची दोन नावं दिसतात, कुठलं ठेवू? आणि दोन्ही राउटर नि प्रिंटर इन्व्हर्टरवर घेतले तर चालेल का? सासऱ्यांना फोनवरून सातबाऱ्याच्या पीडीएफची प्रिंट हवी असते, तेही जमेल का?

हरभटरोडचा_मिस्त्री (सांगली)

दोन्ही नावं काढून टाका. मग प्रिंटर जोडताना ‘मॅन्युअली’ निवडा, त्यात ‘टीसीपी/आयपी अ‍ॅड्रेस’चा पर्याय घ्या आणि बांधून दिलेला आकडा टाका. विंडोज आपोआप जोडतं तेव्हा बऱ्याचदा ‘डब्ल्यूएसडी’ पोर्ट घेतं आणि मधेच ऑफलाइन दाखवतं. तरीही प्रिंटर चालू असून ऑफलाइन दिसला, तर पोर्टच्या सेटिंगमध्ये ‘एसएनएमपी स्टेटस’ची खूण काढून टाका.

इन्व्हर्टरवर शाईचा प्रिंटर बिनधास्त घ्या, तो फार वीज खात नाही. लेझर प्रिंटर मात्र इन्व्हर्टरवर कधी लावू नका, कागद तापवताना तो एकदम मोठा लोड ओढतो.

प्रिंटर बंद करताना त्याच्या स्वतःच्या बटणानंच करा, बोर्डाच्या नाही. बटण दाबलं की आतलं हेड सरकत कडेला जातं आणि झाकणाखाली बसतं. बोर्डावरून वीज तोडली तर ते कधी उघडंच राहतं, शाई वाळते आणि छपाईत पांढऱ्या रेघा यायला लागतात. मे महिन्यात शिकवणी बंद असेल तेव्हाही आठवड्याला एक रंगीत पान काढत जा.

सासऱ्यांच्या अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंगला जाऊन ‘प्रिंटिंग’ शोधा, ‘डिफॉल्ट प्रिंट सर्व्हिस’ चालू करा. फोन घरच्या वायफायवर असू द्या, पीडीएफ उघडून मेनूतलं प्रिंट दाबा, प्रिंटरचं नाव यादीत येईल. नाही आलं तर प्रिंटरच्या कंपनीचं प्रिंट सर्व्हिस अ‍ॅप प्ले स्टोअरवरून घ्या.