प्रिन्स जॉर्ज शहराला दोन वर्षांनी मिळालीच स्पर्धा
कोरोनामुळे रद्द झालेल्या किंवा पुढे ढकललेल्या स्पर्धा म्हटलं की विम्बल्डन आणि ऑलिंपिकची नावं निघतातच, त्यात महिलांच्या जागतिक कर्लिंग (बर्फावर दगड सरकवण्याचा खेळ) स्पर्धेचीही भर घालतो. १४ मार्च २०२० पासून कॅनडात, ब्रिटिश कोलंबियातल्या प्रिन्स जॉर्जला ती होती. १३ संघ, बर्फ तयार, आणि १२ तारखेला रद्द! म्हणजे मांडव घातला, वऱ्हाड आलं आणि लग्न मोडलं.

मला वाईट वाटलं ते केरी आयनरसनच्या संघाचं. जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी रेचल होमनच्या संघाला जादा डावात ८-७ असं हरवून कॅनडाचं विजेतेपद मिळवलं होतं. जागतिक स्पर्धेत त्यांना पुढच्या वर्षी कॅलगरीत, प्रेक्षकांविना, बायोबबलमध्ये खेळायला मिळालं. पण सुरुवातीच्या सहापैकी पाच सामने हरल्या. तरी कशाबशा सहाव्या आल्या आणि कॅनडाची बीजिंग ऑलिंपिकमधली जागा पक्की झाली. (तिथे गेला मात्र दुसराच संघ, जेनिफर जोन्सचा.)

प्रिन्स जॉर्जला अखेर २०२२ मध्ये स्पर्धा मिळाली. आयनरसनला घरच्या प्रेक्षकांसमोर कांस्य. सुवर्ण स्वित्झर्लंडच्या सिल्वाना तिरिन्झोनीच्या संघाने नेलं. त्या वर्षांत तिच्यापुढे कुणाचं फारसं चालतच नव्हतं म्हणा.