१२३४५६७८९८७६५४३२१ मधले शेवटचे २१ कुठे गेले?

खातेवही
सातवीतल्या पुतणीला वर्ग शिकवत होतो. ११ चा १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. मग हौसेने नऊ एक्के, म्हणजे १११११११११, स्प्रेडशीटमध्ये टाकून वर्ग काढला. उत्तर १२३४५६७८९८७६५४३००. पुतणी म्हणाली, "काका, शेवटी २१ हवेत. एकाचा वर्ग एकच ना?" बावीस वर्षं जमाखर्च लिहितोय, पैशाचा फरक सापडल्याशिवाय उठत नाही, आणि इथे अख्खे २१ गायब! चुकतंय कोण? आणि दहा एक्के घेतले तर मधे १० मावणार कसे?

फळा_डस्टर
पुतणी बरोबर आहे. शीट पहिले १५ अंक धरते, पुढे शून्यं भरते. तुमची संख्या १७ अंकी. वहीवरच करा. एक्क्यांची ओळ नऊदा लिहा, दर वेळी एक घर डावीकडे. उभ्या बेरजा १ पासून ९ पर्यंत चढतात आणि तशाच उतरतात. हातचा कुठेच नाही, म्हणून संख्या उलटसुलट सारखी. दहा एक्क्यांत मधली बेरीज १०: शून्य मांडलं, हातचा एक. शेजारचे ९ त्याने १० झाले, पुन्हा हातचा. त्यापुढचे ८ चे ९ झाले आणि गाडी थांबली. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१.

खातेवही
केलं, जमलं! अंकांची बेरीज मारून पाहिली (सवय). नऊ एक्क्यांची ८१, म्हणजे ९ चा वर्ग. दहाची १०० यायला हवी, येते ८२. तफावत १८. आमच्याकडे तफावतीला ९ ने भाग गेला की आकडे उलटे पडलेत का ते आधी बघतात. इथे कारण वेगळं: प्रत्येक हातचा दहा नेतो आणि एक देतो, म्हणजे नऊ बुडीत. दोन हातचे, अठरा.

सेंट्रल_लाइन
या डेम्लो संख्या. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर, ६१७४ या कापरेकर स्थिरांकाचे, त्यांनी ठेवलेलं नाव. कल्पना सुचली ते जुन्या जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचं डेम्लो स्टेशन, म्हणजे आजचं डोंबिवली.
पुतणीला अवयवही पाडू द्या. १११११११११ = १११ × १००१००१. पहिल्यात ३ × ३७, दुसऱ्यात ३ × ३३३६६७, आणि ३३३६६७ मूळ संख्या आहे. वर्गात ३ चार वेळा, बाकीचे दोघे दोन-दोनदा; प्रत्येकाच्या वेळांत एक मिळवून गुणलं की विभाजक ५ × ३ × ३ = ४५. पूर्ण वर्ग असल्यामुळेच विषम.

खातेवही
अहो, मी रोज डोंबिवलीलाच उतरतो! पुतणी आता अकरा एक्क्यांवर आहे. चार हातचे निघाले म्हणते, १२१ वजा ३६, बेरीज ८५. शीट उघडायची मला बंदी आहे.