मदत हवी आहे: मागच्या काचेवरचा फिल्मचा जुना गोंद कोणत्या सॉल्व्हंटने काढावा?

नमस्कार. मी सांगलीत राहतो. मामांकडून घेतलेल्या जुन्या गाडीच्या काचांवरील फिल्म उन्हाने फुगली होती. ती निघाली, पण गोंदाचा चिकट थर राहिला आहे. बाजूच्या काचांवर कोमट साबणपाणी आणि ब्लेडने काम भागले. खरी अडचण मागच्या काचेची आहे, कारण तिच्या आतील बाजूस डिफॉगरच्या (काचेवरची वाफ घालवण्यासाठी विजेने तापणाऱ्या) बारीक रेषा आहेत आणि तेथे ब्लेड चालवल्यास त्या तुटतील.

रंगाच्या दुकानदाराने थिनर किंवा अ‍ॅसिटोन सुचवले आहे. हा सल्ला मला थोडा धोक्याचा वाटतो, कारण अ‍ॅसिटोनची वाफ उणे २० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेऊ शकते, शिवाय ती हवेपेक्षा जड असल्याने दारे उघडी ठेवली तरी गाडीच्या तळाशी साचून राहण्याची भीती असते. अ‍ॅसिटोनचे थेंब प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर किंवा रंगावर पडले तर तेथील चकाकी जाते, ते वेगळेच.

म्हणून जाणकारांना विचारतो: आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन, रेषांच्याच दिशेने हलक्या हाताने पुसल्यास हा गोंद सुटतो का? सुटत नसल्यास रॉकेल वापरावे का, आणि त्याचा तेलकट थर नंतर कशाने जातो? नायट्राइलचे हातमोजे अ‍ॅसिटोनपुढे फार टिकत नाहीत. ब्यूटाइल रबराचे हातमोजे सांगली-मिरजेत कोठे मिळतात, तेही कृपया कळवावे. बॅटरीची तार आधी काढणारच आहे.