ऑटिझम असलेल्या मुलाला गल्लीतल्या पोरांत कसं मिसळवायचं?

मंगळवार पेठ, पालक:
मुलगा ७ वर्षांचा, ऑटिझमचं निदान झालंय. बोलतो, पण खेळ म्हणजे गाड्या रांगेत लावणं. संध्याकाळी गल्लीत दहा-बारा पोरं फुटबॉल खेळतात. याला पाठवलं की कडेला उभा राहतो, नाहीतर बॉल घेऊन पळतो. आरडाओरडा झाला की कानावर हात. सगळे म्हणतात पाठवत राहा, सवय होईल. होते का?

विशेष शिक्षिका, शाहूपुरी:
नुसतं पाठवून नाही होत. त्या गर्दीत कुठलीच गोष्ट क्षणभर स्थिर नसते. एकच मूल निवडा, फार तर दोन. वय तेवढंच किंवा वर्षभर जास्त. गुणी पोरापेक्षा गाड्यांचं वेड असलेलं पोरगं बरं. आठवड्यातून दोनदा, तीच जागा, तीच वेळ, २० मिनिटं.

सुरुवातीला सारख्याच गाड्यांचे दोन संच द्या आणि दोघांना शेजारी बसू द्या. 'मिळून खेळा' म्हणू नका. मुलांच्या खेळाच्या अभ्यासक मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ मध्ये खेळाचे प्रकार मांडले, त्यात शेजारी-शेजारी खेळणं हाही खेळच आहे. ते जमलं की उताराची फळी एकच ठेवा, म्हणजे पाळी आपोआप येते. रांग मात्र मोडू नका. रांग म्हणजे पार्किंग, मित्र वॉचमन, पावती फाडल्याशिवाय गाडी आत नाही!

ओटी, रुईकर कॉलनी:
मी ओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं, खेळ जमावेत म्हणून मदत करणारी व्यक्ती). वरच्यात भर. आई मध्ये बसली की मुलगा आईशीच खेळतो. मागे बसा आणि सूचना मित्राला द्या: 'समोर ये, गाडी दाखव, एकदाच विचार, मग मनात दहापर्यंत मोज.' पोरं दोन सेकंदांत पुन्हा विचारतात. याचं उत्तर जुळत आलेलं असतं तेवढ्यात दुसरा प्रश्न येऊन आदळतो. डोळ्यांत बघत नाही म्हणजे ऐकत नाही असं नाही, हेही मित्राला सांगून ठेवा.

मित्राचा मास्तर झाला, 'असं नाही, असं कर' सुरू झालं, की भूमिका उलट करा. आणि त्यालाही मजा आली पाहिजे. बिस्किटांवर आणलेलं पोरगं फार दिवस येत नाही.

क्रीडा शिक्षक, कसबा बावडा:
फुटबॉलआधी लगोरी घ्या. सातऐवजी तीन खापऱ्या, कापडी चेंडू. एकानं फोडायची, दुसऱ्यानं रचायची, मग अदलाबदल. चेंडू मारून बाद करणं सध्या नाहीच. फरशीवर खडूनं पाच चौकोन काढा, डाव झाला की एक खोडा. शेवट डोळ्यांना दिसला की थांबवताना रडारड कमी होते. तरी झालीच तर पुढच्या वेळी तीन चौकोन.

नंतर फुटबॉल, पण दोघांतच पास. पेठेतली पोरं पाटाकडील की दिलबहार या कोल्हापूरच्या फुटबॉल संघांवरूनच भांडतात, तेव्हा संघ आणि जर्सीचे रंग याला पाठ असले तर बोलायला विषय मिळतो. फक्त कायमचा गोल मोजणारा करू नका. पाच मिनिटं ठीक, रोज तेच म्हणजे बाकावर बसवणंच.

मंगळवार पेठ, पालक:
शाळेतून आल्या आल्या घेऊ का? तेव्हा शेजारचा मुलगा मोकळा असतो.

ओटी, रुईकर कॉलनी:
नको. शाळेनं तो आधीच दमलेला असतो. खाणं, मग निदान अर्धा तास त्याच्या रांगा त्याला एकट्याला लावू द्या. शेजाऱ्याला शनिवार-रविवार सकाळी बोलवा.