मदत हवी आहे: प्रार्थनेत मन लागत नाही
सर्वांना सलाम. मी धुळ्याचा. रविवारची उपासना चुकवत नाही, प्रभूवर विश्वासही आहे. पण घरी प्रार्थनेला बसलो की आतून सगळं कोरडं वाटतं. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतली 150 स्तोत्रं क्रमाने वाचायला घेतली आणि 88व्यापाशी थांबलो. इतर विलापस्तोत्रं बहुधा शेवटी आशेकडे वळतात, हे अंधारातच संपतं. मला तेच सगळ्यात जवळचं वाटलं.

अशा काळातून गेलेल्यांनी सांगा, प्रार्थना कशी चालू ठेवली? मोठ्याने वाचून, गाऊन, की शांत बसून? आई अहिराणीत देवाशी बोलते, किती मोकळेपणाने! मीही तसं करून पाहू का? धुळे-नंदुरबारकडे संध्याकाळी एकत्र प्रार्थना होत असेल तर कृपया कळवा.