भारतातल्या एचटीए अभ्यासांचा ऑनलाइन डेटाबेस करायचाय, एक नोंद म्हणजे नेमकं काय धरायचं?

परळची_ग्रंथपाल
नमस्कार मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे पण वाचा प्लीज. मी परळला एका संस्थेच्या लायब्ररीत आहे. पब्लिक हेल्थची मुलं दर वर्षी तोच प्रश्न घेऊन येतात, मॅडम अमुक मशीनवर किंवा तमुक औषधावर आपल्याकडे एचटीए झालाय का? म्हणजे आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापन, सरकारने ही गोष्ट घ्यावी का आणि त्या पैशात पेशंटच्या पदरात किती पडतं याचा हिशोब. केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाखाली एचटीएइन हे काम बघतं, चंदीगडचं पीजीआय, त्रिवेंद्रमचं श्रीचित्रा, आपल्या परळचीच आयसीएमआरची प्रजनन आणि बाल आरोग्यवाली संस्था, अशी केंद्रं अभ्यास करतात. पण रिपोर्ट एकीकडे, पेपर दुसरीकडे, पॉलिसी ब्रीफ तिसरीकडे, आणि थीसिस कुणाच्या तरी कपाटात. मुलांचे आठ-आठ दिवस नुसतं शोधण्यात जातात ते बघवत नाही.

म्हणून मी एक्सेलमध्ये यादी करायला घेतली. परवा लक्षात आलं की एकच अभ्यास माझ्याकडे तीन ओळींत बसलाय. रिपोर्टमध्ये आकडा रुपयांत, पेपरमध्ये तोच डॉलरमध्ये, लेखकांचा क्रम वेगळा, एका ठिकाणी आडनाव आधी आणि एका ठिकाणी नुसती इनिशियल्स. कुणी मोजलं तर तीन अभ्यास वाटतील. मग नोंद कशाची करायची, पेपरची की अभ्यासाची? आणि हे ऑनलाइन टाकायचं तर काय वापरू, आमच्याकडे डीस्पेस हे लायब्ररीचं सॉफ्टवेअर आहे पण ते पुरेल का?

ठाण्याचा_इकॉनॉमिस्ट
ताई, फार गरजेचं काम हातात घेतलंय. नोंद अभ्यासाची करा, पेपर-रिपोर्ट-ब्रीफ हे सगळे त्या एका नोंदीला लटकवायचे. अभ्यासाला स्वतःचा एक नंबर द्या आणि तो कधीही बदलू नका.

दुसरं म्हणजे नुसता आयसीइआर लिहून ठेवलात तर लोक चुकीचं वाचतील, हे मी पोटतिडकीने सांगतोय. आयसीइआर म्हणजे एक जादा क्वाली (पूर्ण तब्येतीने जगलेलं एक वर्ष) मिळवायला किती जादा रुपये लागले, पण एवढ्याने काही कळत नाही. कोणत्या वर्षाचे रुपये, तुलना कशाशी, खर्च सरकारचाच धरलाय की पेशंटच्या खिशातला पण, काळ पाच वर्षांचा की आयुष्यभराचा, डिस्काउंट रेट, म्हणजे पुढच्या वर्षांचा खर्च आणि फायदा आजच्या हिशोबात आणताना दरसाल जितका कमी धरतात तो, किती (आपल्या रेफरन्स केसमध्ये, म्हणजे एचटीएइनने ठरवलेल्या पद्धतीत, 3 टक्के आहे), हे सगळं शेजारी पाहिजेच. आणि उंबरठा, म्हणजे एका क्वालीला किती रुपयांपर्यंत परवडलं म्हणायचं ती मर्यादा! आपल्याकडे माणशी जीडीपीच्या एकपट धरतात, ती रक्कम दर वर्षी बदलते, म्हणजे तेव्हा महाग ठरलेली गोष्ट आज त्याच आकड्याला परवडणारी दिसू शकते. म्हणून 'किफायतशीर: हो/नाही' असा कॉलम एकटा ठेवूच नका, लेखकांनी तेव्हा कोणता उंबरठा धरला ते लिहा.

सिस्टर_सायनहून
मी पालिकेच्या हॉस्पिटलात वीस वर्षं स्टाफ नर्स आहे, तुमच्या आकड्यांतलं मला फार कळत नाही पण एक सांगते. सिरिंजवरचा अभ्यास तुमच्या यादीत असेलच. आम्हाला त्यात तीन प्रकार दिसतात, एकात दट्ट्या पूर्ण दाबला की आत अडकतो, परत ओढताच येत नाही, म्हणजे ती सिरिंज दुसऱ्या पेशंटला वापरणं शक्यच नाही. दुसऱ्यात सुईवर झाकण सरकतं, ते आमच्यासाठी, सुई टोचू नये म्हणून. तिसऱ्यात दोन्ही. मला स्वतःला रात्रपाळीत सुई टोचलीय आणि नंतर रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. तर यादीत नुसतं 'सेफ्टी सिरिंज' लिहिलंत तर आमच्यासारखीला काय समजणार की कोणती चांगली ठरली?

ठाण्याचा_इकॉनॉमिस्ट
सिस्टर, अगदी मुद्द्याचं बोललात. चंदीगडच्या त्या अभ्यासात पहिला प्रकार पैसे वसूल ठरला आणि नुसता झाकणवाला खूपच महाग पडला. अभ्यास एक, निकाल तीन. म्हणजे ताई, नोंदीच्या खाली प्रत्येक तुलनेची वेगळी ओळ लागेल, त्याशिवाय हे बसणार नाही.

डोंबिवलीचा_डेव्ह
मग डीस्पेसमध्ये ते अवघड जाईल, ते मुळात कागदपत्रं साठवायला आहे. तीन टेबलं करा, अभ्यास, कागदपत्र, तुलना, आणि वर एक साधं सर्चचं पान. शीटच मूळ ठेवलीत तरी चालेल, रात्री आपोआप साइटवर चढेल असं मी लिहून देतो, शनिवार-रविवार मोकळा असतो. पेपरचे पीडीएफ मात्र जर्नलच्या परवानगीशिवाय चढवू नका, लिंक आणि तुमच्या शब्दांतला गोषवारा द्या. सरकारी साइटच्या लिंका साइट बदलली की मरतात, रिपोर्ट उतरवून आपल्याकडे कॉपी आणि उतरवल्याची तारीख ठेवाच.

आणि एक काळजी बोलून दाखवतो. इंग्लंडात यॉर्क विद्यापीठात एनएचएस ईईडी म्हणून असाच डेटाबेस होता, माणसं बसून एकेका अभ्यासाचा गोषवारा लिहायची, 2015 मध्ये निधी थांबला आणि नवीन नोंदी बंद. त्यांचा एचटीएचा डेटाबेस नंतर इनाहटाने, म्हणजे एचटीए संस्थांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्याने, पुढे नेला म्हणून तो तरी चालू राहिला. तेव्हा पहिल्या दिवसापासून सगळा डेटा एका क्लिकवर उतरवता येईल असं ठेवा, उद्या आपण थकलो तरी दुसरं कुणी उचलेल.

परळची_ग्रंथपाल
खूप खूप आभार सगळ्यांचे. आज दुपारी जेवणाच्या सुट्टीत सिरिंजची ओळ फोडून बघितली, वर एक नोंद, खाली तीन तुलना, पाच मिनिटांत दिसायला लागलं की माझी जुनी शीट काय काय लपवत होती. प्रत्येक नोंदीला चार ओळी मराठीत पण लिहायचं ठरवलंय. सिस्टर, पहिल्या दहा तुम्हाला पाठवते, वॉर्डात कुणाला वाचून दाखवा आणि जिथे अडतील तिथे खूण करा, मी परत लिहीन. डेव्ह, शनिवारी अकराला दादर चालेल का? लॅपटॉप घेऊन येते.